मी बदललेला शेवट

मी एका सिनेमाचा शेवट बदलून सांगितला होता. हे आजवर कुणाला बोललो नाही, बायकोलासुद्धा नाही.

तेव्हा मी दौंडला आयटीआय करत होतो. वर्कशॉपपेक्षा थेटरात जास्त बसायचो. शनिवारी एसटीनं न्हावऱ्याला घरी यायचं आणि पाहिलेला सिनेमा रविवारी दुपारी ताईला सांगायचा. आमच्या घरातल्या बायका थेटरात जात नसत. जो बघून येई त्यानं सगळी स्टोरी सांगायची, अशी रीतच पडली होती. ताई कांदा निवडत ऐकायची. हिरॉइनच्या साडीचा रंग सांगायचा राहिला तर मला मागं न्यायची. मी ‘इंटरव्हल’ म्हटलं की उठून चहा टाकायची. खरं सांगतो, थेटरात मला निम्माच सिनेमा दिसायचा, उरलेला तिला सांगताना दिसायचा.

त्या वर्षी ताई चार महिने माहेरी होती. दाजी हात उचलायचे. शिरूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी तिला दवाखान्यात काम देऊ केलं होतं, राहायची सोयही होती. आबा, आमचे वडील, म्हणत होते, नांदायला जा. तिचं काही ठरत नव्हतं. आणि स्टँडवरची पोरं मला विचारायची, "काय पाव्हणं, ताईचा मुक्काम आता हितंच का?" एकोणिसाव्या वर्षी मला त्यांचं हसणं तिनं खाल्लेल्या माराहून मोठं वाटत होतं.

त्या आठवड्यातल्या सिनेमात हिरॉइन नवऱ्याचं घर सोडते, शाळेत नोकरी धरते. शेवटी नवरा दारात येऊन उभा राहतो. ती त्याला तांब्याभर पाणी देते आणि म्हणते, आता जा. थेटरात मी टाळ्या वाजवल्या होत्या.

सांगताना मी त्या दारापर्यंत आलो, तेव्हा ताईचे हात थांबले होते.

"मग? गेली का त्याच्यासंगं?"

"गेली की. पिशवी भरली आन् गेली. पब्लिक लई रडत होतं."

"आन् नोकरी?"

"सोडली."

तिनं पुन्हा कांदा हातात घेतला. मग म्हणाली, "म्हंजी सिनेमातबी जावंच लागतंय म्हण की."

बुधवारी ती आबांबरोबर सासरी गेली.

एका सिनेमावरून कुणी आयुष्य ठरवतं का? असं विचारून मी सुटायला बघतो. पण ताई त्या पडद्यावरच्या बायकांविषयी शेजारणींसारखं बोलायची, त्यांचं काय झालं ते मनाला लावून घ्यायची, हे मला चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर शेवट बदलला. दाजींचा हात त्यानंतरही कितीतरी वर्षं थांबला नाही.

पुढं केबल आली. एका दुपारी मी ताईच्या घरी जेवायला बसलो असताना नेमका तोच सिनेमा लागला. उठून बाहेर जावंसं वाटलं, पण बसून राहिलो. हिरॉइननं पाणी दिलं, आता जा म्हणाली. नावांच्या पाट्या संपेपर्यंत ताई टीव्हीकडंच बघत होती. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तवा थेटरात झोपला व्हतास व्हय रे?"

तिनं मला वाट करून दिली होती.

"लागली असंल झोप," मी म्हणालो.

"असंल बाबा," ती म्हणाली आणि माझ्या ताटात अर्धी भाकरी वाढली.

लोक म्हणतात, सिनेमा बघायचा, पुस्तक वाचायचं आणि सोडून द्यायचं. मला ते जमत नाही. बघण्यावाचण्याचं वेड अजून आहे, पण शेवट मी कुणालाच सांगत नाही. ताईची पोरं कौतुक करतात, "मामा कधी स्पॉयलर देत न्हाई, खरा फॅन हाय."

मी झोपलो नव्हतो. लोकांच्या हसण्याला भिऊन मी तो शेवट मुद्दाम बदलला, हे ताईच्या समोर बसून सांगणं माझ्याकडं अजून बाकी आहे.