नातीच्या गाडीमागून ऱ्हाईनपार

कार्ल्सरूहे सोडलं तेव्हा धुकं होतं. उद्या सासूबाईंचं भारतात परतायचं विमान, म्हणून आजचा दिवस नातीसाठी राखला होता. माझी नणंद मृणाल फ्रान्समध्ये, स्ट्रासबुर्गला असते. तिला मुलगी झाली आणि नेमका आईंना खोकला लागला, म्हणून जाणं लांबलं. तो आत्ता कुठे थांबला होता. अळिवाचे लाडू, दुपटं, तिकिटं, सगळं मी तपासून घेतलं.

ओफेनबुर्गला गाडी बदलली. डावीकडचे डोंगर धुक्यात तरंगत होते. केहलला, म्हणजे ऱ्हाईन नदीकाठी सीमेवरच्या शेवटच्या जर्मन गावात उतरल्यावर मी आईंकडे पासपोर्ट मागितला.

"तो मोठ्या बॅगेत. सकाळीच कुलूप लावलं. उद्या विमानतळावर शोधाशोध नको."

इकडे एका व्हिसावर कितीतरी देश फिरता येतात, मध्ये नाका लागत नाही. पण पासपोर्ट जवळ हवाच. परतताना कधीकधी पोलीस बघतात. मी तसं सांगितलं.

"मग तू जा, लाडू देऊन ये," त्या म्हणाल्या. नजर मात्र नदीपलीकडे.

परत घरी जाऊन यायला दुपार उलटली असती. मी मृणालला फोन केला.

"वहिनी, मीच येते पायी पुलावर. मधोमध भेटू."

पायी जायचा तो पूल दोन्ही टोकांना धुक्यात विरघळला होता. पाव घेऊन सायकलवरून येणाऱ्या बाईंना मी विचारलं, सीमा कुठे?

"इथेच कुठेतरी. मी रोज पावासाठी जाते. तिकडचा चांगला असतो."

"म्हणजे मधोमध?"

"गेनाऊ (बरोबर)."

आई तिथेच थांबल्या. धुक्यातून आधी बाबागाडी आली, मग मृणाल.

"आई, उभी राहू नकोस. गाडी थांबली की ही उठते."

आईंनी दांडा हातात घेतला, गाडी वळवली आणि चालू लागल्या, मृणाल आली त्याच दिशेला. मी लाडवांची पिशवी सावरली आणि मागोमाग निघाले.

"नाक कुणाचं गं हे?"

"तुझंच. म्हणून तर टोपी खाली ओढलीय."

पूल संपला. पायांखाली ओलं गवत आलं.

"आई, फ्रान्समध्ये आलीस."

आईंनी एकदा मागे पाहिलं. मग दुपटं सारखं केलं.

"हळू बोल. आत्ता डोळा लागलाय."

परतताना कुणी काही विचारलं नाही. आगगाडीत आई खिडकीला डोकं टेकून झोपल्या. मला वाटलं होतं, त्या नातीला फक्त बघून येतील. त्यांनी गाडी ढकलत तिला तिच्या घराच्या काठावर पोचवलं. उद्या निघणाऱ्या आजीला करण्यासारखं एवढंच उरलं होतं, ते त्या मोकळ्या पुलाने करू दिलं.