धामणखेडा: चूक तीन किलोमीटरची

पुण्याहून वर्ध्याला जाणारी गाडी संध्याकाळी सुटली, तेव्हा माझ्या पर्समध्ये एक लग्नपत्रिका होती. पत्रिका मीच तपासलेली. तीस वर्षं मी मुद्रितशोधनाचं काम केलं. हॉटेलात गेले तरी आधी मेनूकार्डातल्या चुकांवर खुणा करते आणि मग चहा मागवते. त्या पत्रिकेत एक काना इकडचा तिकडे नव्हता. पण तिच्या पाठीवर मी हौसेने एक नकाशा छापून घेतला होता, आणि तो सपशेल चुकला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ते दोन हजार नऊ साल होतं. माझी वसतिगृहातली मैत्रीण कुसुम समुद्रपूर तालुक्यात धामणखेड्याला राहते. तिचे यजमान जाऊन दहा वर्षं झाली होती. शेती, घर आणि मंजू या एकुलत्या एका लेकीचं शिक्षण, सगळं तिने एकटीने रेटलं. मंजूला स्थळ मिळालं ते पुण्याचं. बोलणी झाली तेव्हा नवऱ्या मुलाच्या मामांनी माझ्यासमोरच नाक मुरडलं होतं, की एवढ्या आडबाजूचं गाव आम्हाला सापडणार तरी कसं? कुसुमने त्यांना शब्द दिला की वऱ्हाड मांडवाच्या दारात येऊन उभं राहील, कुठे विचारावं लागणार नाही. आणि तिचा शब्द राखायला मी शहाणी पुढे झाले. संगणकावरून नकाशा काढला, जाम गावच्या चौकापासून बाण दाखवले आणि पत्रिकांच्या पाठीवर छापून टाकला.

पत्रिका पोस्टात पडल्यावर मला सुचलं की, वरून काढलेल्या फोटोत कुसुमचं घर दिसतंय का बघावं. नकाशात ‘धामणखेडा’ लिहिलेल्या जागी नुसती शेतं होती, एक झाड आणि एक छप्पर. तीन किलोमीटरवर दाटीवाटीची घरं होती आणि तिथे नावच नव्हतं.  

तिथेच ‘चूक कळवा’ अशी सोय होती, ती मी वापरली. उत्तर लगेच आलं: आभारी आहोत, तपासत आहोत. मला वाटलं, चार दिवसांत होईल. आमच्या छापखान्यात संध्याकाळपर्यंत दुरुस्ती व्हायची. रोज सकाळी चहाच्या आधी संगणक उघडायचा आणि बघायचं, तर धामणखेडा आपलं शेतातच. सात वेळा कळवलं. सात वेळा आभार मानले त्यांनी. पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या तरी किती? शेवटी लग्नाला आठ दिवस उरले तेव्हा तिकीट काढलं. नकाशा बदलत नसेल तर निदान कुसुमच्या पायाशी जाऊन कबुली द्यावी म्हटलं. फोनवर हे सांगायची माझी छाती नव्हती.

वर्ध्याला उतरले तेव्हा कडक थंडी होती. स्टेशनबाहेर तर्री-पोहे खाल्ले (पोह्यांवर हरभऱ्याचा जहाल रस्सा ओततात). नाकाडोळ्यांतून पाणी आलं आणि जरा धीरही आला. कुसुमसाठी गोरसपाकाची (तुपातल्या खुसखुशीत बिस्किटांची) दोन पाकिटं घेतली आणि एसटीत बसले. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. वेचणीच्या बायका डोक्याला फडकी बांधून शेतात वाकलेल्या, आणि रस्त्यावर कापसाने फुगलेल्या गाड्या इतक्या की आमच्या एसटीला वाट काढत जावं लागत होतं. जामला बस थांबली तेव्हा खिडकीतून संत्री घेतली. अशी गोड संत्री पुण्याला पोचेपर्यंत कुठे जातात देव जाणे.

पुढे कंडक्टरला पत्रिकेवरचा नकाशा दाखवला आणि म्हटलं, मला ह्या बाणावर उतरवा. माझ्या चुकीचं शेवटचं टोक मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. त्याने नकाशा उलटासुलटा करून पाहिला.

“ताई, हे तं रिठ हाय. तिथं गाव नाई. काऊन जाता तिथं?”

रिठ म्हणजे उठलेलं गाव. तलाठ्याच्या कागदावर नाव आहे, जमिनीवर घर नाही. काऊन म्हणजे का, ते न सांगता मी म्हटलं, मला तिथेच जायचंय. त्याने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं आणि फाट्यावर उतरवून दिलं.

दोन किलोमीटर चालले. चपलेतून काटा गेला, साडीला कुसळं चिकटली, पिशवी फाटून तीन संत्री घरंगळली. समोर खरोखर ते फोटोतलं झाड आलं, एक जुनं कडुनिंब. खाली शेंदूर लावलेला मारुती, दगडी विहीर, आणि थोड्या अंतरावर कौलारू घर. अंगणात कापसाचा ढीग होता आणि त्याच्यापाशी एक साठीच्या बाई बसल्या होत्या. मला बघून त्यांनी कोण, कुठल्या, काही विचारलं नाही.

“धामणखेड्याले आल्या ना? बसा. पानी प्या आंदी.”

ह्या गिरजाबाई. त्यांचे यजमान वामनराव विहिरीवरून आले आणि हसायलाच लागले. मी त्या महिन्यातली पाचवी होते म्हणे. पंप दुरुस्त करणारा आला होता, खताचे नमुने घेऊन एक साहेब आला होता, एक नवरा-बायको तर मुलाच्या जावळासाठी निघालेले. सगळ्यांच्या हातात कुठला ना कुठला नकाशा. दोघं त्या सगळ्यांना चहा पाजून वाटेला लावत होती. वामनरावांनी सांगितलं की, त्यांच्या आजोबांच्या काळात पटकीची साथ आली, माणसं भराभर गेली, आणि उरलेलं गाव तीन किलोमीटरवरच्या उंचावर जाऊन बसलं. आजोबा तेवढे मारुतीपाशी राहिले. सरकारी कागदावर गावाची जागा तीच राहिली, आणि तोच कागद पाहून कुणीतरी संगणकात गाव भरलं असणार.

मी तो चहा पिता पिता थक्क झाले. नकाशा अगदीच खोटा नव्हता, तो जुन्या आवृत्तीवरून छापला गेला होता. तरी कुसुमचा शब्द बुडायचा होता तो होताच. मी पत्रिका काढून दोघांसमोर सगळं सांगून टाकलं. वामनरावांनी बंडी (बैलगाडी) जुंपली आणि दोघांनी मला पांदणीने, म्हणजे शेतामधल्या गाडीवाटेने, खऱ्या धामणखेड्यात आणलं.

कुसुम अंगणात पापड मोजून डब्यात भरत होती. मला बघून धावतच आली. मी गोरसपाक हातात ठेवला आणि एका दमात बोलून मोकळी झाले. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

“शैले,” ती म्हणाली, “मामांपुढं मी काय तोंड दाखवू?”

लगेच फोन लावला. गच्चीवर चढल्याशिवाय मोबाइल लागत नसे. व्याही भेटले, पण आवाज तुटत होता. नकाशा चुकीचा आहे असं मी ओरडून सांगितलं, तर त्यांना नकाशा एवढंच ऐकू गेलं. पत्रिका ड्रायव्हरला दिली आहे, निर्धास्त राहा, असं म्हणेपर्यंत फोन बंद पडला. नंतर लागला तेव्हा मामांनीच उचलला आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, पत्रिकेवर नकाशा छापलात हे फार उत्तम केलंत. माझी जीभच रेटेना. भित्री कुठची! मी मुकाट्याने आभार मानले.

मी म्हटलं, फाट्यावर माणूस उभा करू, तो बस वळवेल. कुसुमने मान हलवली. नवरदेवाला अर्ध्या वाटेवरून मागे फिरवायचं म्हणजे अपशकुन, आणि मामांना तेवढंच निमित्त पुरलं असतं. तेव्हा इतका वेळ दाराशी बसलेल्या गिरजाबाई हळूच बोलल्या.

“वऱ्हाड आमच्याकडं येनारच हाय, तं परघनी तिथंच करा ना. मी लगन होऊन रिठावर आली, तवापासून तिथं कधी वाजा वाजला नाई.”

परघनी म्हणजे वराकडच्या मंडळींना वाजतगाजत सामोरं जाऊन आणणं. ती वेशीवर करतात. आणि वेशीवरचा मारुती तर रिठावरच होता. कुसुमने माझ्याकडे पाहिलं, गिरजाबाईंकडे पाहिलं आणि पदर खोचला.

पुढचे सहा दिवस मी जेवढी राबले, तेवढी पुन्हा कधी राबले नाही. गिरजाबाईंनी अंगण सारवलं. वामनरावांनी विहिरीच्या काठाला चुना लावला आणि मारुतीला नवा शेंदूर. पांदणीतली झुडपं गावातल्या पोरांनी छाटली. बसला त्या वाटेने जाता येणार नव्हतं, म्हणून बंड्या सजवायचं ठरलं. मीही एका बंडीला झेंडूच्या माळा बांधल्या, बैलाने त्यातल्या निम्म्या खाल्ल्या.

लग्नाच्या दिवशी सकाळी आम्ही सगळे रिठावर. मुहूर्त दुपारी बाराचा. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. कुसुमचा चेहरा उतरत चालला आणि माझ्या मनात नको ते येऊ लागलं: नेमके आजच त्यांनी कुणाला वाट विचारली असेल तर? सात वेळा ज्या नकाशाला शिव्या घातल्या, त्याच चुकीच्या नकाशावर आज त्यांचा विश्वास राहू दे म्हणून मी मारुतीपुढे हात जोडले. मुद्रितशोधकाने चुकीसाठी नवस बोलावा, असा प्रसंग आला!

दहाला धूळ दिसली. माझ्या बाणांवरून बरोबर चालत बस आली आणि कडुनिंबाखाली उभी राहिली. वाजा सुरू झाला. गिरजाबाई नवी हिरवी नऊवारी नेसून ओवाळणीचं ताट घेऊन पुढे झाल्या, कुसुमने नवऱ्या मुलाचे पाय धुतले, बायकांनी गरम आलूबोंडे वाढले. मामा खाली उतरले. शेतं बघितली, विहीर बघितली, कौलारू घर बघितलं.

“आणि गाव कुठंय?”

कुसुमने माझा हात घट्ट धरला. वामनराव पुढे आले आणि त्यांना गुलाल लावून म्हणाले, “हेच गाव हाय, मामा. घरं तेवढी वरतं गेली.”

मामा मोठ्याने हसले आणि दुसरा आलूबोंडा उचलला. नवरदेव बंडीत बसला, मामा हट्टाने पुढच्या बंडीत गाडीवानाशेजारी बसले, आणि कापसाच्या शेतांमधून आमची मिरवणूक निघाली. मी अनवाणी नाचले, हे पुण्यात कुणाला सांगू नका. गावात पोचलो तर नागपूरचे दोन पाहुणे रिकाम्या मांडवात घाबरून बसलेले. त्यांना वाट माहीत होती, म्हणून ते आधी पोचले होते आणि गावात चिटपाखरू नव्हतं! बाराच्या ठोक्याला अक्षता पडल्या. घोडं गंगेत न्हालं. कुसुम माझ्या गळ्यात पडून रडली, आणि मीही.

पुण्याला परतल्यावर तीन आठवड्यांनी उत्तर आलं. दुरुस्ती केली आहे, आपल्या सहकार्याबद्दल आभार. नकाशा उघडला. धामणखेडा उंचावर, आपल्या घरांवर, अगदी जागेवर! मी टाळ्या वाजवल्या आणि कुसुमला फोन केला. तीही खूश झाली. मग म्हणाली, गिरजाबाईंचा तुला निरोप आहे: आता कोनी चुकत नाई.

मी पुन्हा नकाशा पाहिला. खालच्या जागी काहीच नव्हतं. तीच शेतं, तेच झाड, तेच छप्पर, आणि नाव नाही. ज्या अंगणात मी चहा प्यायले होते, ते मी स्वतःच्या हाताने पुसलं होतं. छपाईत बरोबर शब्द खोडला की आम्ही त्याच्याखाली टिंबं देतो आणि समासात ‘राहू द्या’ असं लिहितो. इथे ती सोय नव्हती. म्हणून मी पुन्हा ‘चूक कळवा’ उघडलं. जागेचं नाव: धामणखेडा रिठ. तिथे काय आहे, ह्या रकान्यात लिहिलं: मारुती, विहीर, दोन माणसं. काऊन आलात असं ती कुणालाही विचारत नाहीत.

उत्तर लगेच आलं. आभारी आहोत, तपासत आहोत. तेव्हापासून मी पुन्हा चहाच्या आधी संगणक उघडते.