भूकंपाच्या सरावात मला मिळालेली खुर्ची

रविवार, १४ जून. मंडळी, फार दिवसांनी लिहितेय, माफ करा. आज राग आलाय.

सकाळी टोकियोच्या एदोगावा भागातल्या आमच्या इमारतीत भूकंपाचा सराव झाला. हेल्मेट घालून कुणी बादल्या उचलल्या, कुणी स्ट्रेचर. मला खुर्ची आणि गार चहा मिळाला.

"मीही स्ट्रेचर धरते," मी म्हणाले.

सोसायटीचे प्रमुख सातो-सान वाकून म्हणाले, "छे छे, तुम्ही आमच्या पाहुण्या. बसा."

लेक कुजबुजली, "आई, सीन नको ना!"

२०११च्या भूकंपात याच सातो-सानांच्या आईला मी हात धरून जिन्यावरून खाली आणलं होतं. भूकंप काय पाहुण्यांना वगळून येतो? की त्यांची अदब मलाच झेपत नाहीये? पाहुणेपण संपतं तरी कधी, सांगा.

उद्या: स्वतःसाठी हेल्मेट आणणे.