कुलपापुढचा सडा

पट कमी म्हणून वाडीची शाळा बंद करायचा आदेश आला आणि दाराला कुलूप लागलं. आज सकाळी पाहतो तर शाळेत खिचडी शिजवणाऱ्या पारूमावशी रोजच्यासारखा दारापुढं सडा टाकत होत्या.

“मावशी, बंद घरापुढं कुणी सडा टाकतं का?”

“म्हणून तर टाकतेय,” त्या मान वर न करताच म्हणाल्या.

कागदावर चौदा पोरं कमीच दिसतात. पण ओढ्यापलीकडच्या शाळेत धाडायची म्हटलं, की त्यातलं एकेक पोर आईला केवढं लहान वाटतं, ते कागदाला कुठलं कळायला!

मावशींची बादली रिकामी झाली. मी ती उचलली आणि हापशाकडे निघालो. अजून निम्मं अंगण कोरडं होतं.