भाकरी कुठून मोडली?

पेशंट ठणठणीत बरा होऊन पाया पडायला आला, तरी डॉक्टर यूसुफ त्याला बरा म्हणत नसत. "जल्दी नको करो. साल होऊ द्या," एवढंच म्हणायचे आणि वहीत पुढच्या वर्षीचा दिवस लिहून ठेवायचे. त्या दिवशी तो माणूस आला नाही, तर हे स्वतः त्याच्या गावी हजर. नांदेडच्या दवाखान्यात आम्ही त्यांच्या माघारी हसायचो. हे डोळे तपासायला जातात की सोयरीक जुळवायला, असं वाटावं इतक्या चकरा ते एकेका घरी मारत.

निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. सतराव्या वर्षी मी विधवा झाले आणि लोकांची बोलणी खाऊन वडिलांनी मला दवाखान्यात नर्सचं काम शिकायला घातलं. घरीदारी तेव्हा मला नावानं हाक मारणंही लोकांनी सोडलं होतं. डॉक्टर हैदराबादचे, त्यांचं मराठी निम्मं उर्दू, पण पहिल्याच दिवशी त्यांनी मला 'सुमनबाई' म्हटलं. ते मी विसरले नाही.

त्यांचा जीव अडकला होता खुपऱ्यांत. पापणी आतून खरखरीत होते, डोळ्यांत कायम माती गेल्यासारखं खुपतं आणि हळूहळू नजर जाते. तेव्हाचा उपाय म्हणजे मोरचुदाची कांडी पापणीवर घासायची, माणूस ओरडायचा. डॉक्टरांकडे नव्या गोळ्या आल्या होत्या, पण मोजक्याच. निम्म्यांना गोळ्या, निम्म्यांना कांडी, आणि साल भरल्यावर कोणाची नजर किती सुधारली ते ताडून बघायचं, असा त्यांचा शोध चालला होता.

आता नजर मोजायची कशी? अक्षरं कोणाला येत होती! डॉक्टरांनी युक्ती काढली. तुकडा उडालेली एक काळी बांगडी पांढऱ्या कापडावर टांगायची. मी ती फिरवायची आणि वीस पावलांवर उभ्या पेशंटला ते विचारायचे, "बोला, बांगडी कुठून फुटली?" वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, ते त्यानं बोटानं दाखवायचं. नाही दिसलं तर एकेक पाऊल पुढं यायचं. जिथं दिसलं ते पाऊल वहीत.

साल भरलं. गोळ्यांनी पुरुषांची नजर सुधारली होती, बायकांची जशीच्या तशी. डॉक्टरांचं जेवणावरचं लक्ष उडालं. शेवटी त्यांनी हैदराबादला पाठवायचा कागद तयार केला: गोळ्या कमी आहेत, तेव्हा त्या पुरुषांनाच द्याव्यात.

त्याच सकाळी उमरीची एक बाई तपासायला आली. गोळ्या घेतलेली. बांगडीला नाक लागेल इतकी जवळ आली, तरी "न्हाई दिसत." जाताना मात्र फाटकातून वळून मला ओरडून म्हणते, "बाई, पदराला काटा अडकलाय बगा तुमच्या!"

मी धावत जाऊन तिचा हात धरला. "खरं सांगा, दिसतंय ना?"

"लई चांगलं दिसतंय ओ. पन फुटक्या बांगडीकडं बोट कसं करू? मालक घरी तापानं पडलेत."

आमच्याकडं बांगडी 'फुटली' म्हणत नाहीत, 'वाढवली' म्हणतात. सवाष्ण तो शब्दही तोंडातून काढत नाही. त्या साऱ्या बायका खाली मान घालून 'नाही' म्हणत होत्या, आणि बांगडी फिरवणारी मी, मलाही ते उमगलं नव्हतं.

डॉक्टरांना सांगितलं. मग त्यांचं लक्ष माझ्या मोकळ्या हातांकडं गेलं.

"आणि तुम्ही, सुमनबाई? मी रोज ती तुमच्याच हातात देत होतो."

"माझ्या कधीच वाढवून झाल्यात, साहेब. मला कशाची भीती?"

त्यांनी चष्मा पुसला, लावला, पुन्हा काढून पुसला. मग तो कागद फाडला. "गलती माझी आहे. पुन्हा पहिल्यापासून. साल होऊ द्या."

त्यांनी बांगडीएवढी पत्र्याची भाकरी कापून आणली, एका बाजूनं तुकडा मोडलेली, काळी रंगवलेली. नव्यानं पेशंट घेतले. "बोला माय, भाकरी कुठून मोडली?" बायका हसत हसत बोटं दाखवायला लागल्या. एकीनं तर विचारलं, "साहेब, संगं कालवन काय हाय?" साल भरलं तेव्हा बायकांची नजर पुरुषांइतकीच सुधारली होती. नवा कागद गेला, त्यात गोळ्या सगळ्यांनाच द्याव्यात असं लिहिलं होतं.

राज्य गेलं त्याच्या आदल्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. वह्या त्यांनी नेल्या, भाकरी मला दिली. स्टेशनवर मी विचारलं, "परत कधी येणार?"

"जल्दी नको करो, सुमनबाई. साल होऊ द्या."

साल भरलं. तोवर राज्य बुडालं होतं, माणसं कुठल्या कुठं पांगली होती. त्यांचा ठावठिकाणा कोणालाच सांगता आला नाही. पुढं कित्येक उन्हाळे मी पोस्टमनकडं बघत राहिले. लोक काय म्हणायचं ते म्हणोत, मला त्यांची फार आठवण यायची. अजून येते.

गेल्या महिन्यात माझा मोतीबिंदू काढला. आठवड्यानं तिथले तरुण डॉक्टर म्हणाले, "आजी, झालात बऱ्या. आता यायची गरज नाही." मी घरी आले. पेटीतली भाकरी काढून अंगणातल्या भिंतीला टांगली, डोळे मिटून फिरवली आणि वीस पावलं मोजत मागं गेले.

"डावीकडून मोडली, साहेब," मी मोठ्यानं म्हणाले, आणि ते लिहून घेतील म्हणून तिथंच उभी राहिले.