सोमवारचं पहिलं गिऱ्हाईक

नवघरच्या बाजारात टेरेझा बावीस वर्षं एकाच जागी मासळी घेऊन बसते. उत्तनची बाई, आवाज खणखणीत. माझी खिडकी बरोबर तिच्या पाटीवर उघडते. गेल्या वर्षी तिथेच, तिच्या डोळ्यांसमोर, तिच्या धाकट्या भावाला, कॉलिनला, रोहितने भोसकलं. टेम्पो कुठे लावायचा यावरून. रोहित आमच्या वॉर्डातल्या एका पुढाऱ्याचा भाचा. बाजार भरलेला होता, पण पाहिलं म्हणणारी एकटी टेरेझा निघाली.

सात महिन्यांत त्याला जामीन मिळाला. आदेश इंग्रजीत, म्हणून ती माझ्याकडे आली. "बाय, तुम्ही सिस्टरांच्या शालेतल्या. काय लिवलंय बघा."

लिहिलं होतं, खटला लांबेल, आरोपी तरुण आहे, त्याच्यापुढे आयुष्य पडलं आहे. कॉलिनचं वय कुठेच नव्हतं. तो सगळीकडे नुसता 'मयत'. अटी दोन: साक्षीदाराला धमकावू नये, आणि दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी लावावी. ठाणं बाजाराला लागून. म्हणजे जिच्यापासून याला लांब ठेवायचं, तिच्यासमोरूनच दर आठवड्याला याची वरात, तीही कोर्टाच्या हुकमाने.

"कोनाच्या डोक्यातून निघालं हे?" टेरेझाने विचारलं.

"डोकं असतं तर निघालं नसतं," मी म्हटलं.

पहिल्याच सोमवारी तो हजेरी लावून दोन दोस्तांसह थेट तिच्यापुढे उभा राहिला. "काय मावशी, सुरमई ताजी हाय ना? भाऊ काय म्हणतो?"

सोमवारी अर्धा बाजार मासळी खात नाही, त्यामुळे तोच पहिलं गिऱ्हाईक. बोहनीचं गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही, हे तिच्या आईपासून चालत आलेलं. तिने मान खाली घालून सुरमई कापून दिली. वरून पाहिलेलं मी डायरीत टिपून ठेवलं. पुढचे दहा सोमवार तेच. साक्षीला जायचं की नाही, यावर ती बोलेनाशी झाली.

शेवटी जामीन रद्द करा म्हणून अर्ज झाला. पुराव्याला माझी डायरी दिली: अकरा सोमवार, तारीख, वेळ, तो काय बोलला, सगळं. मी काही गाळत नाही, त्यामुळे 'टेरेझाने सुरमई साफ करून दिली' हेही होतंच.

त्याच्या वकिलाने नेमकं तेच वाचलं आणि तिच्याकडे वळला. "अकराही वेळा मासळी विकलीत? एकदाही नाही म्हणाला नाहीत?"

"बोहनी परत धाडत न्हाय, सायेब."

"म्हणजे भीती नव्हती!"

सगळे हसले. अर्ज फेटाळला. संबंध 'विक्रेता व नेहमीचा ग्राहक' असा आहे म्हणे. एवढी कायद्याची पुस्तकं वाचलेल्या माणसांना मासळीबाजारातली एक गोष्ट ठाऊक नाही: बोहनीला वैरी आला तरी त्याला परत पाठवत नाहीत. आणि मला ठाऊक असून मी ती लिहिली नव्हती.

पुढच्या सोमवारी तो पेढे घेऊन आला. "घे मावशी, तोंड गोड कर. आणि दोन पापलेटं काढ."

टेरेझाने पाटीवर ओला कपडा टाकला.

"तुला न्हाय."

"बोहनीला नाही म्हणतेस? धंदा बसेल."

"बसू दे. बुधवारी माजी साक्ष हाय. तिथं ये, तुला काय पायजे ते सगलं देते."

दोस्त हसले. तो हसला नाही.

मी पिशवी घेऊन धावत खाली गेले. "दे मला पापलेट. माझी बोहनी घे."

"नको बाय. आज कोनाचीच न्हाय," ती म्हणाली. "एक दिस बोहनीबिगर बसून बघते, काय व्हतं."

बाराला तिने बर्फ गटारात ओतला आणि भरलेली पाटी डोक्यावर घेऊन निघाली. जाताना ठाण्यासमोरून गेली, मुद्दाम, सावकाश.

बुधवारी तिने साक्ष दिली. वकिलाने पुन्हा सुरमई काढली. "ह्या सोमवारी इकली न्हाय," ती म्हणाली. "लिवा ते पन."