निळी गाडी पुलापाशी थांबली

माझा असल्या गोष्टींवर तेव्हाही विश्वास नव्हता... आप्पा येलदरीच्या वीजघरात ऑपरेटर. घरात कुणी भुताचं नाव काढलं की म्हणायचे, "आधी फ्यूज बघा." मी त्यांचीच लेक. तरी हे लिहितेय.

विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच वर्षीची, ९४ ची गोष्ट. दिलीपदादा मस्कतला नोकरीला होता. त्यानं खोलीतल्या दोस्ताबरोबर – देवगाव फाट्याच्या अन्वरबरोबर – एक मशीन पाठवलं. गाण्यांची सीडी घातली की टीव्हीवर गाणी, गेमची घातली की मोटारींची शर्यत. अख्ख्या कॉलनीत असलं काही नव्हतं, त्यामुळे माझा रुबाब विचारू नका. अन्वरनं ते जोडून दिलं आणि दुपारभर माझ्याशी खेळला. माझी गाडी लाल, त्याची निळी. शेवटच्या पुलापाशी तो दर वेळी गाडी थांबवायचा.

"तुमी व्हा पुढं, ताई. पाव्हण्यानं जिंकू न्हाई."

सुट्टी संपली, तो मस्कतला परत गेला.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. त्या दिवशी ती वापरायची नाहीत. आप्पांनी पक्कड, टेस्टर मांडले. आई म्हणाली, मशीनपण मांडा. त्यांनी वायरी काढून, गुंडाळून ते पाटावर ठेवलं. आईनं तर गेमची सीडी ताटात घेऊन तिच्या नेमक्या चकाकत्या बाजूला हळदकुंकवाची बोटं ओढली. मी कपाळावर हात मारला.

दुपारी आप्पांनी बातम्यांसाठी टीव्ही लावला. बातम्या आल्याच नाहीत. शर्यत चालू होती... लाल गाडी, निळी गाडी. मशीन पाटावर, सीडी ताटात – दोन्ही माझ्या डोळ्यांसमोर! आप्पांनी टीव्हीमागे हात घालून चाचपलं. अँटेनाच्या वायरीशिवाय तिथे काही नव्हतं.

"दिलीप खेळायलाय," आई म्हणाली. "माझ्या लेकराचं कायतरी झालंय."

निळी गाडी पुलापाशी आली आणि थांबली. लाल पुढे निघून गेली. पडदा काळा झाला, मग बातम्या लागल्या.

तो दादा नव्हता. दादानं मला सापशिडीतसुद्धा कधी जिंकू दिलं नाही. पण अन्वरचं नाव घ्यायचं म्हणजे त्याच्या जिवाचं वाईट बोलायचं. मी गप्प बसले. आईनं चार दिवस अन्नाला हात लावला नाही, तरी गप्पच.

पाचव्या दिवशी दादाची तार आली. अन्वर अपघातात गेला, मी बरा आहे, त्याच्या घरी जा. तारेतला अपघाताचा दिवस खंडेनवमीचाच होता.

"वाचलं माझं लेकरू," म्हणत आई हसली. मग तिनं पटकन तोंडाला पदर लावला. मलाही आधी आनंदच झाला होता, खोटं कशाला सांगू?

आम्ही देवगाव फाट्याला गेलो. अन्वरच्या आईनं माझ्या आईचा हात धरला.

"तुमच्याकडं आलता न्हवं? जाताना काय म्हणला?"

"पोटभर जेवून गेला," आई म्हणाली.

आप्पांनी नंतर तो टीव्ही तीनदा खोलला. त्यांना काही सापडलं नाही, मलाही आजवर उलगडलेलं नाही. त्या माउलीला खंडेनवमीचं खरं सांगायला हवं होतं का, हे मात्र मी अजून स्वतःला विचारते.